डब्याची तालीम

आठवडाभर आम्ही गॅलरीतच जेवतोय,
शर्विल आणि मी, डब्यातून.
तुळशीबागेतला निळा डबा,
झाकण नवं, हट्टी.
तो गुडघ्यात धरतो, दात लावतो.
"बाई उघडतील ना?"
उघडतील रे,
पण डबे चाळीस आणि बाई एकच.

वेलक्रोचे बूट जमले.
चड्डीचं बटण अजून नाही.
नाव विचारलं की पत्ताही सांगून टाकतो:
धनकवडी, शेवटचा स्टॉप.

रविवारी रात्री झाकणाची रबरी रिंग काढली मी.
झोपलाय, असं वाटलं.
सोमवारी टक्कन उघडलं!
मग घास चावता चावता,
"आई, तुझा कोण उघडतं?"
मीच की.

आज भोसरीला, जेवणाच्या सुट्टीत,
पिशवी ओली, रुमाल पिवळा,
आमटी पार बसच्या पासापर्यंत.
झाकण उलटं करून पाहिलं.
रिंग नाही.