आवाज मागं पडतो

टीव्हीची वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली
दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात,
ती फक्त फुटबॉलसाठी.
लोकल केबलवर शाहू स्टेडियम,
वर धूळ, खाली सरकती पट्टी:
साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस,
कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाची वेळ.
आणि अख्ख्या चित्रात कुठंच न दिसणारे बाबा,
पाटबंधारे खात्यातले बळवंत साळोखे,
अर्ध्या दिवसाची रजा टाकून
माईकच्या पलीकडं.

अकरा सामने. फायलींना नावं नाहीत, नुसत्या तारखा.
आई म्हणते, ह्यातनं ते काढून दे.
वर्षश्राद्धाला पावणे येतील,
लावून दाखवतो सगळ्यांस्नी.

जाहिराती कापल्या. मध्यंतरातला तो टूथपेस्टवाला,
सतरा वेळा हसायचा, सतरा वेळा कापला.
पट्टी कापता येत नाही,
ती चित्रात मुरलेली.
म्हैस हरवलेलीच राहणार.

मेनूला मराठी कळत नाही.
‘पूर्वार्ध’ लिहिलं की रफार उडून
भलत्याच अक्षरावर बसतो.
मग अक्षरांचं चित्र केलं, चित्राचं बटण केलं,
पूर्वार्ध, उत्तरार्ध, पेनल्टी,
निवडलं की पिवळं होणारं.
आता मागं एक फोटो पाहिजे.
घरात बाबांचे फोटो आहेत तसे,
सगळ्यांत असे बसलेत
की हार आधी ठरलाय आणि माणूस नंतर.

सातव्या सामन्यात सापडले.
निळ्यांचा बॅक पाय धरून पडलेला,
कंटाळलेल्या कॅमेरामननं कॅमेरा फिरवला वर, बॉक्सकडं.
बाबा शेंगा खातायत.
मांडीवर टरफलं, गळ्यात मफलर, एप्रिलमध्ये.
मान वर करतात, कॅमेरा दिसतो,
आणि शाळेतल्या पोरागत
शेंगांची पुडी फायलीखाली सारतात.
चार सेकंद. शंभर चौकटी.
तेच मागं लावलं, फिरतं.
सारतात, आणि परत पुडी हातात.

आवाज मात्र मागं पडत होता.
बॉल आत, जाळं हललं,
गॅलरी उठून उभी,
टोप्या उडाल्या, खाली पडल्यासुद्धा,
आणि मग बाबा: गोऽऽल!
दोन सेकंद उशिरा.
कार्ड स्वस्तातलं होतं, राजारामपुरीतनं घेतलेलं.
त्यालाच शिव्या घातल्या,
सगळा आवाज दोन सेकंद पुढं ओढला,
रात्री लाइट जायच्या आत डिस्क भाजली.

आईनं अर्धा सामना बघितला.
‘ह्ये लई लवकर बोलाय लागलेत,’ म्हणाली.
‘ह्ये ते न्हवंत.’

परत बसलो. ह्या वेळी बाबांना सोडून
बाकीचं ऐकलं.
रेफरीचा हात अजून खाली,
आणि शिट्टी वाजून गेलेली.
म्हणजे कार्ड बरोबर होतं.
शिट्टी वेळेवर, गॅलरी वेळेवर, फटाका वेळेवर,
उशीर एकट्या बाबांचा.

गोल झाला की ते आधी लाइनमनकडं बघायचे.
झेंडा वर नाही ना.
खात्यात चाळीस वर्षं
खात्री झाल्याबिगर सही केली नाही,
ते गोलवर कशी करतील?
सगळी पेठ नाचत असायची
आणि हा माणूस अजून
कागद तपासत.

आवाज जिथल्या तिथं नेऊन ठेवला.
दुसरी डिस्क लावली. मेनू आला.
प्ले दाबू का, म्हटलं.
‘थांब की. मी बघतो जरा.’
पुडी फायलीखाली. पुडी हातात.
‘आणि मला सांगायचे,
डॉक्टरनी सांगितल्यापास्नं शेंगेला शिवलो नाही.’
पदर तोंडावर धरून हसली.
पेनल्टीचं बटण पिवळं होऊन वाट बघत राहिलं.
पावणे जेवून गेले, तोवर मेनूच चालू.

पहिली डिस्क गच्चीत टांगलीय,
कबुतरं वाळवणाला तोंड घालतात म्हणून.