भोपळा

कापणीच्या सणाला मी भोपळा नेला होता.
ऐरोलीत, आमच्या गच्चीवरच्या फुटक्या टाकीत वाढलेला,
नऊ किलोचा, एका अंगानं चपटा,
कारण त्या अंगानं तो पाण्याच्या पाइपाला टेकून मोठा झाला.

सगळेच काही ना काही आणतात.
कुणी जालन्याहून ज्वारीची कणसं,
कुणी बाजारातून पेरू, आणि म्हणतात घरचे आहेत.
वेदीपुढं रास लागते. उपासनेनंतर लिलाव.
अंड्यांची बोली दरवर्षी ओहोळच चढवतात.

तीन वर्षं मी एस्तेरला क्षमा करत होते.
रोज रात्री, बीपीची गोळी घेतल्यावर,
दिवा घालवायच्या आधी, दुखऱ्या गुडघ्यांवर.
आईच्या पाटल्या विकल्यास, क्षमा.
मला विचारलं नाहीस, क्षमा.
इतकी सवय जडली होती
की तिनं काही नवं केलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी पाळकांनी अर्पणाचा उतारा घेतला.
पाठ असलेला. वेदीपाशी आलास आणि आठवलं तर,
पुढचं मी मनातच म्हणून टाकलं:
तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर.
पाळकांनी वाचलं ते वेगळंच.
भावाच्या मनात. तुझ्याविषयी.

रूथबाईंच्या मांडीवरचं बायबल ओढून पाहिलं.
छापलेलंच होतं तसं.
पन्नास वर्षं मी ती ओळ उलटी घातली होती,
शिवण आतल्या बाजूला गेलेल्या झग्यासारखी.

आईच्या मातीच्या दिवशी, दफनभूमीच्या फाटकात,
हातांची माती झटकत मी म्हणाले होते,
मोठ्यानं, तिच्या व्याह्यांसमोर:
चोरटी.
पाटल्यांच्या पैशातून तिनं आयसीयूचं बिल भरलं होतं.
पावती तिच्या पर्समध्ये होती. तिनं ती काढली नाही.
मला कळलं त्याच आठवड्यात.
हे मी देवाला कधी सांगितलं नाही,
त्यानंही विचारलं नाही.
आम्ही दोघं त्या खोलीत जातच नव्हतो.

अठ्ठावीस वर्षं वॉर्डात ड्रेसिंग केलं मी.
शिकाऊ पोरींवर ओरडायचे:
वरून भरली म्हणून सोडू नका गं, दाबून बघा.

भोपळा पायरीशी ठेवला, नावाची चिठ्ठी न लावता,
आणि निघाले.

शेअर रिक्षात कडेची जागा. दिघा,
बंद कंपन्यांच्या लांबच लांब भिंती,
विटाव्याच्या पुलाखाली पावसाळ्यातल्या पाण्याची
वाळलेली रेघ, माणसाच्या छातीएवढी.
मी वाक्य जुळवत होते.
दर खेपेला शेवटी एक ‘पण’ येऊन बसायचा.

तिनं दार उघडलं. हातांना बेसन.
“एवढ्यात सुटली उपासना?”
नाही म्हटलं.
मग उंबऱ्याबाहेरूनच बोलले,
‘पण’ दातांखाली धरून, जेमतेम.
पावतीचं मला तेव्हाच कळलं होतं, हेही.

आत तेल तापून धूर यायला लागला.
ती गेली, गॅस बंद केला, परत आली.
“तीन वर्षं या वाक्याची वाट बघितली मी, आक्का.
आता आलंय तर नुसता राग येतोय.
आज नको. आज तू जा.”
दार लावलं. आपटलं नाही.
कडी मात्र घातली, ती ऐकू आली.

परतले तेव्हा पोरं सतरंज्या गुंडाळत होती.
भोपळा होता तिथंच. चिठ्ठी नाही
म्हणून कुणी बोली लावली नव्हती.
ओहोळ म्हणाले, “सिस्टर, यंदा तुमचा भोपळा!”
आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

मी तो अजून दिलेला नाही, घरीही नेलेला नाही.
पाळकांना विचारून आतल्या खोलीत ठेवलाय,
खिडकीखाली, जिथं नाताळचा तारा ठेवतात.
पुढच्या रविवारी मी पुन्हा विटाव्याला जाणार आहे.
देठ शाबूत असला
की भोपळा उन्हाळ्यापर्यंत टिकतो.