तिसरा गिअर

मन्सी, इंडियाना. मार्चची थंडी लादीत मुरलेली.
डेल्बर्टनं गिअरबॉक्सचं तेल परातीत काढलं,
बोटानं ढवळून तीन दात वर आणले,
दुधाचे असावेत तसे.
"तिसऱ्याचे," म्हणाला.

इंजिन मीच वाढवलं होतं. साडेपाचशे घोडे,
आणि गिअरबॉक्स जुनाच, चारचा,
याच गावात घडलेला.

सगळे सांगतात, सहाचा घे.
त्याला मधला पत्रा कापावा लागतो,
एकोणसत्तर सालचा, गंज न लागलेला.
पाचाचा बसतो. दुसऱ्यात जरा कुरकुरतो, इतकंच.
मी टॉर्कचे आकडे वाचत होते.
त्यानं विचारलं, "डावा गुडघा कसा आहे?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

पाचाचा घेतला. क्लच मऊ.
शनिवारी बाहेर काढली, तो शेजारी, मांडीवर टोपी.
व्हाइट रिव्हरच्या पुलावर तिसरा पडला,
देवघराची कडी लागावी तसा.

पुढच्या सिग्नलला हिरवा झाला
आणि गाडी बंद पडली.
साडेपाचशे घोडे. एक हलेना.
मागच्या पिकअपनं हॉर्न वाजवला नाही.
डेल्बर्ट खिडकीबाहेर बघत राहिला,
टायरच्या दुकानाकडे,
जसं काही तिथं फार बघण्यासारखं होतं.