ठेवू का

मे महिन्यात नागपुरात स्वेटर घालून बसणारी
बहुतेक मी एकटीच.
बाहेर रात्री अकरालाही हिंगणा रोडचं डांबर मऊ,
आत अठरा अंश,
आणि तुमसर शाखेच्या हेडाऊंचा चौथा फोन:
"मॅडम, कनेक्शन तुटून राहिलं ना जी.
तिकडूनच कोणी कापून राहिलं."

कोणी म्हणालं उंदीर, कोणी म्हणालं ऊन.
परातेंनी केबल बदलली, स्विच बदलला,
मग हात झटकून घरी गेले.
मी तारेवरून येणारं एकेक पॅकेट धरून
उघडून बघत बसले.

सगळी सभ्य.
नमस्कार, उलट नमस्कार, पोचलं का, पोचलं.
खातेक्रमांक, रकमा, दिवसाची बेरीज,
आणि मग ते:
चाळीस बाइटांचं, पोटात काही नाही,
फक्त एक झेंडा वर. रीसेट.
हेडाऊंचं खरं होतं.
ते आमच्याच मशीनमधून निघालेलं.

कर्नल असं का करतो याची कारणं
आमच्या सरांनी फळ्यावर लिहिली होती.
आठवतात ती अशी:
जिथं कोणी राहतच नाही त्या दारावर थाप पडली, तर.
मशीन मध्येच मरून पुन्हा उठलं
आणि कालची ओळख सांगत कोणी आलं, तर.
(कोण तुम्ही? मला काही आठवत नाही.)
तिसरं माझ्या वहीत पुसट झालंय.
चौथं त्यांनी तास संपता संपता, खडू ठेवत सांगितलं होतं,
तेव्हा आम्ही दप्तरं भरत होतो.

एरवी तो किती रीतीने निरोप घेतो.
आपण फोनवर घेतो तसा:
ठेवू का? हो, ठेवा. मीही ठेवतो. बरं.
आणि ठेवल्यावरही मिनिटभर फाटकाशी उभा,
न जाणो, मागे राहिलेलं एखादं वाक्य
धापा टाकत आलं तर.

पण बफरमध्ये न वाचलेलं काही पडून असताना
प्रोग्रामने दार लावलं,
तर तो ठेवू का म्हणत नाही.
तसं म्हणणं म्हणजे
सगळं ऐकलं, असं म्हणणं.
एवढं खोटं त्याच्याने बोलवत नाही.
तो झेंडा वर करतो.
उद्धट दिसतो, दिसू दे.

प्रोग्राम माझा.
चार वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या संध्याकाळी
बसची वेळ बघत लिहिलेला:
बेरीज येईपर्यंत वाच, मग बंद कर.
बेरजेनंतर कोणाला काय सांगायचं असणार?

हेडाऊंना होतं.
मागच्या महिन्यापासून त्यांनी तळाशी, कोणाला न विचारता,
एक रकाना जोडला होता.

शेरा: खाते ४१७, सही थरथरली. बाई त्याच आहेत, मी ओळखतो.
शेरा: नोटा ओल्या होत्या, वाळवून घेतल्या.
शेरा: तीन रुपये जास्त आले. कोणाचे ते शोधतो आहे.
शेरा: तीन रुपयांचा शोध चालू आहे.

महिनाभराचे असे कितीतरी
आमच्या दारात येऊन पडले,
आणि आम्ही दार लावलं.

एक ओळ बदलली: संपेपर्यंत वाच.
लावून पाहिलं. टिकलं.
हेडाऊंना फोन केला, म्हटलं, झालं.
झालं म्हटलं की मी फोन कापते,
माझी जुनी सवय.

"पण झालतं काय, मॅडम?"
बफर म्हणता आलं असतं.
"ऐकत नव्हतो जी आम्ही," म्हटलं.

ते हसले, आणि सुरू झाले.
कुलरचा पंप बुलडीहून आणलेला, तीन दिवसांत जळला,
दुकानदार पावती मागून राहिला,
पावती मेहुण्याकडे,
मेहुणा गोंदियाला, त्याचं वेगळंच.
मी स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून ऐकत राहिले.

मध्येच ते थांबले.
मला वाटलं, आता म्हणतील.
म्हणाले, "आणि ते तीन रुपये, मॅडम"