चांदणी नसलेला आकडा

सकाळी सात वीस. शटर अर्धंच वर केलेलं,
तेवढ्यात हिराजी मढवी वाकून आत येतात.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले
चार वर्षांचे रिपोर्ट.

ऐरोली, सेक्टर सात. बाहेर पोहेवाल्याचा स्टोव्ह भरभरतोय.
ते उपाशीपोटी, आणि काळजीत.
"एप्रिलात थायरॉइड चार पॉइंट तीन.
गेल्या आठवड्यात पाच पॉइंट एक, वर ही चांदनी.
मना सांग पोरी, मशीन चुकलं का मी?"

एकोणतीस वर्षं त्यांनी बेलापूर रोडच्या कंपनीत
बॉयलरचा काटा वाचला.
काटा हलला म्हणजे कुणीतरी चुकलं,
हे हाडात बसलंय.

मी काय काय सांगणार?
की एकाच नळीतलं रक्त दोनदा चालवलं
तरी दुसरा आकडा पहिल्याचा सख्खा भाऊ निघतो,
जुळा नाही.
की एप्रिलात तुम्ही दुपारी चारला आला होतात,
आणि हे संप्रेरक रात्री चढतं, दुपारी उतरतं.
की उभ्या माणसाचं रक्त
आडव्या माणसाहून जरा दाट.
मूठ फार आवळलीत तर पोटॅशियम वाढेल,
मी पट्टा सोडायला विसरले तर आणखी काही.
की ही छापलेली मर्यादा कुणा एकाची नव्हेच,
अनोळखी माणसांच्या घोळक्याभोवती
ओढलेली रेघ,
आणि आत प्रत्येकाचं आपापलं
लहानसं अंगण.

यातलं काहीच न बोलता विचारलं,
"काका, जेट्टीवर तो खुणांचा खांब आहे ना?"

ते हसले. सुईकडे न बघता हात पुढे केला.
"अष्टमीचा भांग, पुनवेचं उधान.
रोज पानी येगल्या खुनेवर.
माजा बापूस कदी बोलला नाय
का खाडी आजारी परली."

पिवळ्या झाकणाची नळी भरली.
मी सहज जुनी पानं उलटत होते.

हिमोग्लोबिन. पंधरा पॉइंट दोन.
पंधरा. पंधरा पॉइंट तीन. पंधरा पॉइंट एक.
चार वर्षं, दावणीला बांधलेल्या गायीसारखं
तेवढ्यातच फिरलेलं.
आणि गेल्या आठवड्यात
तेरा पॉइंट दोन.

मर्यादा तेरा ते सतरा. चांदणी नाही,
ठळक अक्षर नाही.
खाली तपासून बरोबर म्हणून सही आहे
ती माझी.

बोट थांबलेलं त्यांनी पाहिलं. "काय व?"
मी पाचही पानं काउंटरवर ओळीने मांडली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
आणि काटा वाचायचे तसे वाचले,
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"भांगाला पानी एवरं खाली नाय जात."

जांभळ्या झाकणाची आणखी एक नळी घेतली,
तिची पावती फाडली नाही.
डॉक्टर फणसे साडेदहाला येतात.
त्यांच्यासाठी चिठ्ठी, हाताने,
कारण यासाठी मशीनकडे खूण नाही:
*माणूस तोच. आकडा त्याचा वाटत नाही.*

कोपरात कापूस दाबून
ते बाकावर बसून राहिले. थायरॉइडचं पुन्हा विचारलं नाही.
मग शटरखालून बाहेर बघत,
"पोहे खाऊ ना आता?"

खा, म्हटलं.