हद्द

एकोणतीस वर्षं मी टंकलेखक,
वकिलांची चौकशी करणाऱ्या समितीचा.
'गैरवर्तन' हा शब्द
बोटं आता डोळे मिटून उमटवतात,
रफारसुद्धा जागचा हलत नाही.

सगुणा पाताडे आली ऐन जेवणाच्या सुट्टीत.
साडीच्या दुकानाची पिशवी, आत कागद.
नवरा भाऊच्या धक्क्यावर क्रेनखाली गेला.
भरपाई आली साडेचार लाख,
वकिलाच्या खात्यात उतरली
आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिली.

ॲडव्होकेट हुक्केरीकर.
बोरा बाजारात जिन्याखाली टेबल,
खिळ्याला काळा कोट.
मी यादी उघडली. नाव होतं,
त्यावर लाल रेघ: सनद बंगळूरला वर्ग.
रेघेच्या आधीची एक नोंदही होती,
अशाच कुणा बाईची तक्रार, शिक्षा: ताकीद.
आदेश मीच टाइप केला होता, दोन कार्बन घालून.
तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, संपलं.

साहेब म्हणाले, आपली हद्द नाही,
ज्या राज्याची सनद, त्या राज्याची समिती.
म्हणाले ते बरोबरच होतं.
वकिली देशभर करता येते,
शिक्षेला मात्र गाव लागतं.

"माणूस हितं मेला," ती म्हणाली,
"अंगठा हितं घेतला, पैसं हितं खाल्लं.
मग पाप तेवढं बंगलोरला कसं गेलं?
गाडीनं गेलं का?"
ती हसली नाही. मीही नाही.
शिपाई चहाचे कप गोळा करत होता.

पाचनंतर थांबलो.
तिची तक्रार पुन्हा टाइप केली,
मार्जिन सोडून, परिच्छेदांना आकडे घालून,
तिच्या शिव्या वगळून.
एक राहू दिली, ती वगळता येईना.
जुन्या पाकिटावर तिकडचा पत्ता कानडीत होता.
मी ती अक्षरं पाहून पाहून काढली,
रांगोळी काढावी तशी, अर्थ न कळता,
कुठे वळण चुकलं असेल तर माफी.

जीपीओत खिडकीवरच्या मुलानं
पाकीट काट्यावर टाकलं.
"एकशे ऐंशी ग्रॅम," तो म्हणाला.
सगुणाबाईनं विचारलं,
एवढंच?