काटा कुठं होता

चावी फिरवली की एकच आवाज : टक्.
पुढं काही नाही.
दिलावर मुलाण्यानं बॉनेटवर तळहात ठेवला,
म्हणाला, "परत."
टक्.
"हेडलाइट लावून परत."
दिवे जरा मंदावले, पुन्हा उजळले.
त्यावरून त्याला काहीतरी कळलं,
ते त्यानं सांगितलं नाही.

विट्यात, खानापूर रस्त्याला,
उसाच्या ट्रॉल्यांचे एक्सल उतरवतात त्या शेडमध्ये
आमची झेन, कोइमतूरच्या नंबराची,
साडेतीन वर्षं चिंचेखाली उभी राहून
टोचन लावून आणलेली.
मागच्या सीटखाली उंदरांचा संसार,
डॅशबोर्डवर मुरुगनचा स्टिकर, अर्धा उडालेला.
अण्णा स्टुलावर.
चाळीस वर्षं परमुलखात दुसऱ्यांचं सोनं गाळलेला माणूस,
डोळे बारीक करून मूस तापली का सांगणारा.
इथं त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

जाम असेल, मी म्हणाले.
"जाम म्हणायची घाई करायची न्हाई, ताई.
जाम म्हटलं की लोक गाडी भंगारात घालत्यात,
आन मागनं कळतं, बॅटरीची तार सडली हुती."

तार घासली. दुसरी बॅटरी लावली. टक्.
स्टार्टर उतरवून फरशीवर धरला :
एकटा असला की झकास फिरतो.
मग पट्टा काढला.
अल्टरनेटर बोटानं फिरला, पाण्याचा पंपही,
एसीची पुली कुरकुरली, पण फिरली.
भांडणातला एकेक पाहुणा बाहेर काढावा
आणि बघावं आत कोण अडून बसलंय, तसं.

शेवटी डिपस्टिक.
पुसली, बुडवली, उजेडात धरली.
ऑइल चहाच्या रंगाचं. दुधाच्या चहाच्या.
कोणाकडंच न बघता त्यानं विचारलं,
"शेवटची गाडी आली तवा काटा कुठं हुता?"

"मध्यावर," अण्णा म्हणाले. लगेच.

शेवटची गाडी मी आणली होती.
अण्णा मागं झोपलेले, डिक्कीत तराजू, मुशी, आईचं शिलाई मशीन.
तवंदीच्या घाटात काटा लालमध्ये शिरला.
मी ब्लोअर पूर्ण सोडला, काचा खाली घेतल्या
आणि थांबले नाही.
थांबले असते तर अण्णा जागे झाले असते,
म्हणाले असते, सरक, मी चालवतो.
उतारावर काटा खाली आला.
पेठनाक्याच्या पुढं परत चढला.
दारात बंद केली तेव्हा आत कितीतरी वेळ
तडतड, तडतड,
मूस निवताना तडतडते तशी.

अण्णा तेव्हा मागच्या सीटवर डोळे मिटून होते.
तो आवाज त्यांना कळला नसेल,
असं मी साडेतीन वर्षं धरून चाललेय.

"लालमध्ये होता," मी म्हणाले. "दोनदा."
दिलावरनं मान हलवली. रागावलाही नाही.
"मग आता पुढचं बगू."

चार प्लग काढले. तीन कोरडे,
चौथ्याच्या टोकाला विटकरी गंज.
भोकात टॉर्च मारून बघितलं, मला दाखवलं नाही.
चारी भोकांत डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं तेल,
औषधाच्या बाटलीच्या बुचानं मोजून.
"उद्या."

उद्या आलो. परवाही.
तिसऱ्या सकाळी त्यानं पुलीवर खडूची रेघ ओढली,
सतराचा पाना, पान्यात दोन हात लांब पाइप.
जोर लावला. मानेची शीर टरारली.
काही नाही.

तेव्हा अण्णा उठले.
"ओढू नका. घ्या आणि सोडा. घ्या आणि सोडा.
त्याला वाटलं पाहिजे आपल्याला घाई नाही."
दिलावरनं पाइपाचं एक टोक त्यांना दिलं.
घेतलं. सोडलं.
घेतलं.
कुठंतरी बारीक किर्रर्र झालं,
आणि आम्ही तिघं वाकून
त्या खडूच्या रेघेकडं बघत राहिलो.

"हलली," अण्णा म्हणाले.
"पाइप वाकला आसंल," दिलावर म्हणाला.
त्यानं अंगठ्यानं रेघ पुसली, नवी ओढली, अगदी बारीक.

"परत."